फोलिक अ‍ॅसिडला बी-१२ ची साथ हवी

जीवनसत्त्वाच्या गोळीने गुण आला नाही तरी अपाय होत नाही, असा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. पण जीवनसत्त्वे शरीरात एकेकटी राबत नाहीत. ‘ई’चे मोठे डोस रक्त गोठवणाऱ्या ‘के’च्या कामात अडथळा आणतात. फोलेट आणि बी-१२ यांचे नाते तर याहून गुंतागुंतीचे आहे, आणि त्याचा इतिहास मुंबई-पुण्यातून जातो.

१९२८मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या तीव्र पांडुरोगाचा तिने अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१मध्ये दाखवले. त्या अर्कातला घटक म्हणजेच फोलेट. पुढे १९४५मध्ये त्याचे कृत्रिम रूप, फोलिक अ‍ॅसिड, तयार झाले. बी-१२च्या अभावाने होणाऱ्या पांडुरोगावरही ते दिले गेले, तेव्हा रक्त सुधारले, पण मज्जातंतूंचा ऱ्हास थांबला नाही. याचे कारण असे, की रक्तपेशी तयार होताना लागणारे फोलेट वापरण्याजोगे करून देण्याचे काम बी-१२ करते. ते नसेल तर फोलेट शरीरात असूनही अडकून पडते. कृत्रिम फोलिक अ‍ॅसिड ही अडचण टाळून पुढे जाते आणि हिमोग्लोबिन वाढते. मज्जातंतूंच्या आवरणाला मात्र बी-१२च लागते. म्हणून रक्ताचा अहवाल चांगला येत असताना पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा हे सारे आतून वाढत राहू शकते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना बी-१२ कमी होते. ज्यांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. मग फोलिक अ‍ॅसिड बंद करायचे का? मुळीच नाही. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष त्याने मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१च्या ब्रिटिश चाचणीने निर्विवाद दाखवले आहे. चूक फोलिक अ‍ॅसिड देण्यात नाही, त्याच्या जोडीला बी-१२ न देण्यात आहे. सरकारी योजनेत गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. जिथे कोट्यवधी लोक शाकाहारी आहेत आणि पालेभाजी, डाळ यांतून बी-१२ मिळतच नाही, तिथे ही उणीव मला गंभीर वाटते.

‘आम्ही दूध-दही खातो,’ असे अनेकजण म्हणतील. त्याने मदत होते, पण प्रमाण थोडे असेल तर ते पुरत नाही. शिवाय बी-१२ शोषले जायला जठरातले एक खास प्रथिन लागते. उतारवयात जठरातले आम्ल घटते, त्यामुळे अन्नातले बी-१२ नीट सुटत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही त्याचे शोषण घटते. अशा माणसांनी केवळ फोलिक अ‍ॅसिड महिनोन्‌महिने घेण्याआधी बी-१२ तपासून घ्यावे. गरोदर स्त्रीने मात्र त्या अहवालासाठी फोलिक अ‍ॅसिड थांबवू नये, डॉक्टरांना विचारून जोडीला बी-१२ सुरू करावे.