पेशीतले थेंब

शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. मध्ये केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका, आणि प्रत्येकाभोवती ठळक रेघ. ही रेघ म्हणजे पटल, त्या त्या कप्प्याची हद्द. पण केंद्रकाच्या पोटात दिसणाऱ्या केंद्रिकेला पटलच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती १८३०च्या दशकापासून दिसते आहे आणि रायबोसोमची जुळणी तिच्यातच सुरू होते. भिंत नसताना तिच्यातला ऐवज चहूकडे पांगत कसा नाही?

या कोड्याचा धागा हाती लागला तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, पारदर्शक सूत्रकृमीत. सी. एलेगन्स हे त्याचं नाव. त्याच्या फलित अंड्यात प्रथिनं आणि आरएनए यांचे ‘पी-ग्रॅन्यूल’ नावाचे कण असतात. सुरुवातीला ते सगळीकडे विखुरलेले असतात. पहिलं विभाजन होण्याआधी मात्र फक्त मागच्या टोकाला उरतात. पुढची प्रजननपेशींची वंशरेषा तिकडूनच निघते. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कण बारकाईने पाहिले. पुढच्या भागातले कण विरघळत होते आणि मागच्या भागात नवे साकळत होते. मग त्यांनी कृमीची ऊती दोन काचांमध्ये हलकेच दाबली. केंद्रकाला चिकटलेले कण ओघळू लागले, ठिबकू लागले. दोन कण भेटले की एकजीव होऊन पुन्हा गोल होत. हे कण द्रवाचे थेंब होते! २००९ साली ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पेशीकडे पाहण्याची नजरच बदलली. केंद्रिकाही थेंबासारखीच वागते, हे दोनच वर्षांनी बेडकाच्या अंडपेशींत दिसलं.

कटाच्या आमटीवर तेलाचे थेंब वेगळे राहतात, तसाच हा प्रकार. अनेक प्रथिनांना ठरावीक घडी नसलेल्या लवचीक शेपट्या असतात. त्यांची गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की त्या एकमेकींना क्षणभर धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि थेंब वेगळा होतो. पेशीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. ताण आला की थेंब झटकन तयार होतात, ताण ओसरला की विरघळतात.

आतला पदार्थ खरोखर वाहता आहे का, हे तपासायची एक देखणी रीत आहे. प्रथिनाला चमकणारी खूण जोडायची आणि लेझरने थेंबाचा अर्धाच भाग विझवायचा. दुसऱ्या अर्ध्यातले चमकते रेणू सरकत आले, तर काळा पडलेला भाग पुन्हा उजळतो. तो काळाच राहिला, तर आतला पदार्थ घट्ट झाला आहे असं समजायचं.

हे घट्ट होणं जिवावर बेतू शकतं. एएलएस या आजारात स्नायूंना हालचालीचे संदेश देणाऱ्या चेतापेशी मरत जातात; काही रुग्णांत एफयूएस या प्रथिनाच्या जनुकात दोष आढळतो. २०१५ साली ड्रेस्डेनच्याच प्रयोगशाळेत या प्रथिनाचे थेंब परीक्षानळीत बनवले गेले. सदोष प्रथिनाचे थेंब काही तासांत घट्ट झाले आणि त्यांतून तंतू फुटले.

मात्र प्रत्येक गोल ठिपका हा थेंबच, असं मानणं घाईचं ठरेल. पेशीला एखादं प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवायला लावलं, तर एरवी न होणारे थेंबही दिसू लागतात. म्हणून आता अनेक संशोधक चमकणारी खूण थेट पेशीच्या मूळ जनुकालाच जोडतात, म्हणजे प्रथिनाचं प्रमाण निसर्गात असतं तेवढंच राहतं.