वर्ग पुढे जातो, मूल मागे राहतं

दुसरी-तिसरीतलं एखादं मूल बोलायला चुणचुणीत असतं, क्रिकेटचे स्कोअर त्याला तोंडपाठ असतात. पण वाचायला बसलं की ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत त्याची गल्लत होते. आपली लिपी अशा मुलाची कसोटीच पाहते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात मात्र नंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा त्या अक्षराच्या आधी. बाकीची मुलं हे नकळत शिकून जातात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला प्रत्येक शब्द नव्याने सोडवावा लागतो आणि तोवर फळा पुसलेला असतो. मग वहीवर शेरे येतात: लक्ष देत नाही, आळशी आहे. चार वर्षं हेच ऐकलेलं मूल पुढे वर्गात मारामाऱ्या करतं, नाहीतर शाळेला निघताना रोज त्याचं पोट दुखतं. अभ्यासाची अडचण इथवर आली की ती मनाचीही अडचण झालेली असते.

नवी मुंबईत अशा मुलांच्या पालकांना जायला एक जागा आहे. महापालिकेने २००७ साली वाशीत अपंगांसाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवा सुविधा केंद्र सुरू केलं. सगळे त्याला ‘ईटीसी’ म्हणतात. विशेष शिक्षण, वाचा-उपचार, व्यवसायोपचार, फिजिओथेरपी, मोठ्या मुलांसाठी व्यवसाय प्रशिक्षण असं सगळं तिथे एका छताखाली मिळतं. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की एका महापालिकेने हे स्वतःचं काम मानलं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची. दोन्ही खासगी पुढाकारातून उभ्या राहिलेल्या. महाराष्ट्रात विशेष शिक्षणाचा भार बहुतेक असाच वाहिला गेला. पाणी आणि रस्ते पाहणाऱ्या यंत्रणेने त्यात उतरणं ही साधी गोष्ट नव्हे. शेजारी खारघरला केंद्र सरकारच्या सिकंदराबादस्थित बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्रही आहे.

विशेष शिक्षक नेमकं काय करतात? ताटलीत वाळू पसरतात, मूल बोटाने ‘क’ गिरवतं आणि गिरवतानाच मोठ्याने म्हणतं. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांच्या कामातून अमेरिकेत १९३० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. तिला वेळ लागतो आणि साठ मुलांच्या वर्गात ती चालत नाही.

सवलतींच्या बाबतीत महाराष्ट्र आधी जागा झाला. १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या: जादा वेळ, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना जागा दिली. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मराठीसाठीही ‘डाली’ नावाची चाचणी २०१५ मध्ये आली. इंग्रजी चाचणीवरून मराठी वाचन जोखण्याची अडचण तिने कमी केली.

भावनिक अडचणींची मुलं मात्र अजून उघड्यावर आहेत. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यापासून विशेष शिक्षणात त्यांचा वेगळा गट मानला जातो. आपल्या कायद्यात मानसिक आजार आहे, पण दहा वर्षांचं संतापी किंवा घुमं मूल त्यात सहसा बसवलं जात नाही. त्याला बसवलं जातं मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची ‘आयपीएच’ ही संस्था मानसिक आरोग्यावर काम करते आहे. पण संस्थेपर्यंत पोचतात ती जागरूक पालकांची मुलं. बाकीच्यांसाठी शाळेतच समुपदेशक आणि विशेष शिक्षक हवेत. वर्षातून एकदा येणारे नव्हेत, हजेरीपटावरचे.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. पण मदत सुरू करायला प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. मुलाची वही घेऊन वर्गशिक्षिकेला भेटा आणि शाळेत विशेष शिक्षक आहेत का, ते विचारा. बाहेर शिकवणी लावणार असाल, तर त्या शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही, हे आधी पाहून घ्या.