घरांतील नव्या तारा : इंटरनेट आणि टेलिफोन

खेडेगांवांतही हल्लीं काचेच्या तंतूवरून इंटरनेट येऊं लागलें आहे. ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली व पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. या तंतूच्या एकाच जोडणीवर इंटरनेट आणि टेलिफोन अशीं दोन्ही कामें होतात, म्हणून पुष्कळ लोक तांब्याची जुनी लाइन बंद करून नवी घेत आहेत. तें योग्यच आहे. परंतु घर बांधतांना विजेच्या तारांचा जो विचार होतो, तो या तारांचा होत नाहीं. लाइनमन येईल आणि त्याला सोयीचें असेल तेथें पेटी ठोकील, असाच प्रकार बहुतेक घरीं दिसतो. यांतून पुढें जी अडचण उभी राहते, ती साधी नाहीं.

जुना टेलिफोन घरच्या विजेवर चालत नसे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतही आली नसेल. त्याच्या तारेंतून एक्स्चेंजमधूनच सुमारें ४८ व्होल्टची वीज येई, आणि एक्स्चेंजमध्यें मोठ्या बॅटऱ्या असत. गांवांत अंधार असला तरी रिसीव्हर उचलतांच सूर ऐकूं येई. काचेच्या तंतूंतून मात्र प्रकाश जातो, वीज जात नाहीं. त्या प्रकाशाचें इंटरनेट आणि आवाज यांत रूपांतर करणारी पेटी (लाइनमन तिला ओएनटी म्हणतात, घरचीं माणसें मॉडेम म्हणतात) आपल्या भिंतीवर असते व आपल्याच विजेवर चालते. वीज गेली कीं पेटी बंद, आणि तिच्याबरोबर टेलिफोनही बंद. मळ्यांत वस्ती करून राहणारांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. पावसाळी रात्रीं वीज गेलेली आहे, मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही उतरली आहे, आणि घरांत कोणास पान लागलें, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची कशावरून ?

उपाय महाग नाहीं, पण तो आधीं योजिला पाहिजे. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात व त्यांस दहापंधरा वॅटहून अधिक वीज सहसा लागत नाहीं. घरीं इन्व्हर्टर असल्यास पेटीचा प्लग त्याच्याच लाइनवर घ्यावा. भिंतींत पाइप बसण्यापूर्वीं हें काम एका तारेचें आहे; गिलावा झाल्यावर तेंच भिंत फोडण्याचें होतें. इन्व्हर्टर नसल्यास राऊटरसाठीं मिनी यूपीएस नांवाची लहान बॅटरी बाजारांत मिळते. ती पेटीच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्ट-अँपिअरशीं जुळणारी असावी. खोक्यावरील मिलिअँपिअरचा मोठा आंकडा पाहून भुलूं नये. तो बहुधा आंतील ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. हिशेब वॅट-तासांत करावा : दहा वॅटची पेटी चार तास चालवावयाची तर ४० वॅट-तास हवेत, आणि बॅटरी जुनी होत जाते हें जाणून साठ घ्यावे. तसेंच बिनतारी रिसीव्हरच्या टेलिफोनालाही वीज लागते, म्हणून तारेचा एक साधा टेलिफोन घरांत ठेवावाच. माळ्यावर पडलेला जुना असला तरी बहुधा चालतो.

पेटी घराच्या मध्यावर असावी. दोन फुटी दगडी भिंतींतून वायफाय जेमतेम जाते, तेव्हां वाड्यासारख्या घरांत खोलोखोलीं तार नेल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमचें मत असें कीं, प्रत्येक ठिकाणीं कॅट सिक्स जातीच्या दोन तारा न्याव्या, एक इंटरनेटची व एक टेलिफोनची. या तारेंत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. टेलिफोनास एकच जोडी पुरते व त्यासाठीं निळी घेण्याची रीत आहे. मग एकाच तारेंत दोन्ही कां नकोत, असें कोणी विचारील. पूर्ण वेगाच्या इंटरनेटला चारही जोड्या लागतात, आणि घंटा वाजतांना टेलिफोनाच्या जोडींत बराच मोठा व्होल्टेज येतो. थोड्या पैशांसाठीं ही भेसळ करूं नये. तार शुद्ध तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, परंतु ती ठिसूळ असते व लांब अंतरावर दगा देते.

या तारांचा पाइप विजेच्या पाइपाहून निराळा असावा. दोन्हींची गांठ पडेल तेथें त्या काटकोनांत ओलांडाव्या. काचेचा तंतु कोपऱ्यावर मुडपूं नये, गोलाईनें वळवावा. आणि त्याच्या उघड्या टोकांत डोळा लावून पाहूं नये, कारण त्यांतील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास अपायकारक होऊं शकतो.

घरांत टेलिफोनाच्या जुन्या तारा असतील तर त्या पेटीच्या टेलिफोन-सॉकेटास जोडून पुन्हां वापरतां येतात. मात्र रस्त्यावरून येणारी जुनी जोडी आधीं सोडवून टाकावी. ती लागलेली राहिल्यास बाहेरची वीज पेटींत शिरून पेटी जळण्याचा संभव असतो.

गोठा किंवा विहिरीवरील मोटारघर येथें कॅमेरा बसविण्याची इच्छा पुष्कळांस असते. तांब्याची तार १०० मीटरपलीकडे नेतां येत नाहीं, आणि उघड्या शेतांतून नेलेली तांब्याची तार म्हणजे आकाशांतील विजेला घरांत येण्याची वाट होय. तेथेंही काचेचाच तंतु न्यावा, व तोही पोलादी आधारतार नसलेला मागून घ्यावा. नाहींतर जें टाळावयाचें तेंच घरांत येतें.

लाइनमन काम संपवून निघण्यापूर्वीं घराचा मेन स्विच बंद करावा, तारेचा टेलिफोन उचलावा आणि कोणाच्या तरी मोबाइलवर बोलून पाहावें. नंतर स्विच तसाच ठेवून पेटी बॅटरीवर किती वेळ टिकते तें घड्याळ लावून पाहावें, व तो आंकडा पेटीवर खडूनें लिहून ठेवावा. पेटीवरील लाल दिवा लुकलुकूं लागला तर दोष बाहेरच्या तंतूंत आहे असें बहुधा समजावें. तक्रार नोंदवितांना तेवढें सांगितलें म्हणजे लाइनमन तंतु जोडण्याचें यंत्र घेऊनच येतो.