फॉरमॅट बदलला, अक्षरे जुनीच

धारवाड रेल्वे स्थानकाजवळच्या मळमड्डीत कानडीबरोबर मराठीही बोलणारी घरे फार पूर्वीपासून आहेत, आणि १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे येथील लिहिण्यावाचण्यातही दोन्ही भाषांचा वावर राहिला. अशा दुभाषी परिसरात १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत संगणकावर जे कुलवृत्तांत, अहवाल किंवा पुस्तकांच्या मुद्रणप्रती तयार झाल्या, त्यांतील एखादी फाइल आज नव्या संगणकावर उघडली, तर दोन वेगवेगळ्या अडचणी एकदम समोर येतात. त्यांतली एक मायक्रोसॉफ्ट वर्ड हा लेखनाचा प्रोग्राम स्वतःच सांगतो, दुसरी सांगत नाही, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत ही न सांगितलेली अडचणच खरी आहे.

सांगितलेली अडचण फायलीच्या फॉरमॅटची, म्हणजे मजकूर डिस्कवर ज्या रचनेत साठवला जातो त्या रचनेची असते. वर्ड ९७ पासून वर्ड २००३ पर्यंतच्या आवृत्त्या ‘डॉक’ ही द्विमान, म्हणजे केवळ यंत्राला वाचता येणारी रचना वापरत; २००७ पासून ‘डॉकएक्स’ आले, जे वास्तविक एक झिप फाइल असून तिच्या आत मजकूर, चित्रे आणि मांडणीच्या सूचना एक्सएमएल या उघड लिखित स्वरूपात वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. जुनी फाइल उघडली की शीर्षपट्टीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे शब्द दिसतात आणि वर्ड आपल्या काही नव्या सोयी मिटून घेतो. फाइल मेनूतील ‘इन्फो’मध्ये जाऊन ‘कन्व्हर्ट’ केले की हे काम संपते. नवी कोरी फाइलसुद्धा जतन केल्यावर याच अवस्थेत उघडत असेल, तर ऑप्शन्समधील ‘सेव्ह’ या भागात कोणीतरी जुना फॉरमॅट कायमचा ठरवून ठेवलेला असण्याची शक्यता असते आणि तो तेथेच बदलावा लागतो. वर्ड ९५ किंवा त्याहून जुन्या फायली वर्ड सुरक्षिततेच्या कारणाने अडवू शकतो. त्या लिब्रेऑफिस या मोफत पॅकेजात उघडून नव्या फॉरमॅटमध्ये जतन करणे बहुधा सोपे पडते. जुन्या ‘इक्वेशन एडिटर’ने लिहिलेली गणिती समीकरणे मात्र दिसली तरी त्याच पद्धतीने दुरुस्त करता येत नाहीत, कारण सुरक्षेतील दोषामुळे मायक्रोसॉफ्टने तो २०१८ मध्ये काढून टाकला.

एवढे झाल्यावर फाइल डॉकएक्स होते, पण आतली अक्षरे जुनीच राहतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, कानडीसाठी निघालेले आणि पुढे देवनागरीही लिहू लागलेले बरह, कन्नड गणक परिषदेचे नुडी या पॅकेजांच्या जुन्या फॉन्टांनी भारतीय अक्षरांचे तुकडे (अर्धी अक्षरे, काना, मात्रा, रफार) इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवले होते. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांची एक निरर्थक रांग असतो, आणि तिच्यावर मराठीचे रूप चढवतो तो फक्त फॉन्ट. फॉन्ट असेपर्यंत सारे ठीक दिसते. तो नसला की ‘फॉन्ट उडाला’ अशी तक्रार होते. शोध, अकारविल्हे आणि शुद्धलेखन तपासणी तर फॉन्ट असतानाही नीट चालत नाही, आणि वर्डच्या ‘कन्व्हर्ट’ला या गोष्टीचा पत्ताही नसतो.

येथे इतिहासाने एक गमतीदार उलटापालट केली आहे. त्याआधीच्या डॉस काळात सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवून देवनागरी लिहिली जाई आणि मजकूर इस्की या संकेतात साठे. हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केला आणि युनिकोड या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकेताचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. त्यामुळे तो अधिक जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे जवळजवळ सरळ आहे, तर नंतरचा, छपाईत अधिक देखणा दिसणारा मजकूर आणणे अवघड. इस्की आणि युनिकोड अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतात, फॉन्टवाली पॅकेजे डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने. ‘किती’ या शब्दात जुन्या फायलीत पहिली वेलांटी ‘क’च्या आधी असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी, ‘धर्म’मध्ये रफार ‘म’च्या नंतर टंकलेला असतो, पण युनिकोडला ‘र्’ त्याच्या आधी लागतो. म्हणून केवळ चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही, क्रमही हलवावा लागतो, आणि हिंदीसाठी लिहिलेले परिवर्तक, म्हणजे फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्राम, मराठीतील ‘ऱ्य’पाशी सहज चुकतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की दरीच्या जागी समुद्र येतो आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काही वावगे दिसत नाही.

दुभाषी फायलीत आणखी एक पायरी वाढते, कारण नुडीतले कानडी, श्रीलिपीतले मराठी आणि साधे इंग्रजी हे तिन्ही आतून रोमन चिन्हेच असतात, आणि कोणता तुकडा कोणत्या भाषेतला हे केवळ त्याला लावलेल्या फॉन्टच्या नावावरून ओळखता येते. सगळा मजकूर निवडून त्याला मंगल हा युनिकोड फॉन्ट लावणे हा अनेकांचा पहिला उपाय असतो आणि तोच सर्वांत घातक ठरतो: अक्षरे सुधारत नाहीतच, उलट भाषा ओळखण्याची एकमेव खूण पुसली जाते. वर्डच्या ‘फाइंड’मध्ये फॉन्टचे नाव देऊन त्या त्या फॉन्टचे तुकडे वेगळे शोधता येतात, प्रत्येक तुकडा त्याच्या परिवर्तकातून काढावा आणि इंग्रजीला हात लावू नये. त्याआधी, जुना फॉन्ट ज्या संगणकावर अजून आहे तेथेच फायलीची पीडीएफ काढून घ्यावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा सामावून घेतला जातो आणि नंतर मुद्रिते तपासताना मूळ पान कसे दिसत होते याचा तोच विश्वासार्ह पुरावा असतो. मूळ डॉक फाइल न बदलता, फॉन्टच्या फायलीसह त्याच फोल्डरमध्ये राहू द्यावी. उद्या अधिक चांगला परिवर्तक हाती आला, तर त्याला काम करण्यासाठी तीच लागेल.