आपलाच आवाज परत का येतो?

लातूरच्या आडत दुकानातून नांदेडच्या ऑफिसला फोन लावला आणि आपलंच ‘हॅलो’ परत कानावर आलं, तर दोष बहुधा नांदेडच्या टोकाला असतो. लोक मात्र आपलाच रिसीव्हर आपटत बसतात! पलीकडे स्पीकरफोन चालू असेल, तर रिसीव्हर उचलून बोलायला सांगा. एको, म्हणजे परत येणारा आवाज, थांबला, तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरत होता. नाहीच थांबला, तर तिथला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज, बघा. दोन तारांची लाइन चार तारांच्या मार्गाला जोडणारं त्यातलं हायब्रिड सर्किट नीट जुळलेलं नसेल, तर थोडा आवाज माघारी फिरतो. साध्या लाइनवर तो लगेच परततो, म्हणून जाणवत नाही. इंटरनेटवरच्या कॉलला उशीर लागतो, तिथे खटकतो. तंत्रज्ञाकडून एको कॅन्सलरची आणि लाइनच्या इम्पिडन्सची सेटिंग तपासून घ्या.