जिल्ह्याची सीमा आणि कचेरीची वाट

घरांतील मुलें भूगोलासाठीं जिल्ह्यांचीं नांवें पाठ करूं लागलीं, कीं आजोबांची यादी व नातवाची यादी यांचा मेळ बसत नाहीं. यांत आजोबांच्या स्मृतीचा दोष नाहीं. मध्यंतरीं नकाशाच पालटला आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें, त्या वेळीं त्यांत २६ जिल्हे होते. आज ते ३६ आहेत.

१९८१ सालीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग व तत्कालीन औरंगाबादेंतून जालना वेगळा झाला. पुढल्याच वर्षीं तत्कालीन उस्मानाबादेंतून लातूर व चंद्रपुरांतून गडचिरोली निघाला. १९९० सालीं मुंबईचीं उपनगरें निराळीं झालीं. १९९८ सालीं अकोल्यांतून वाशीम व धुळ्यांतून नंदुरबार, १९९९ सालीं परभणींतून हिंगोली व भंडाऱ्यांतून गोंदिया, आणि २०१४ सालीं ठाण्यांतून पालघर असे जिल्हे झाले.

या वांटणीचें खरें माप कचेरीच्या वाटेवर घ्यावें, असें आम्ही म्हणतों. जिल्ह्याच्या ठिकाणीं कलेक्टरची कचेरी, मोठें न्यायालय व मोठें रुग्णालय असतें. जमिनीच्या वादाचे कागद घेऊन निघालेल्या शेतकऱ्याची एक खेप म्हणजे गाडीभाडें आणि बुडालेला दिवस. साहेब दौऱ्यावर असले, तर दुसरी खेप. २०११ च्या जनगणनेंत ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती. भारतांतील इतर कोणत्याही जिल्ह्याहून ती अधिक होती. रेल्वेकांठचीं गजबजलेलीं शहरें आणि जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे यांचा कारभार एकाच कचेरींतून चाले. विभागणींत पालघरास ८ तालुके मिळाले व ठाण्याकडे ७ राहिले.

तथापि सीमेची रेघ ओढल्यानें वाट आपोआप आंखूड होत नाहीं. सिरोंच्याचा रहिवासी पूर्वीं चंद्रपुरास जाई. आज त्यास गडचिरोली गांठावी लागते, आणि तीही सुमारें २०० किलोमीटरांवर आहे. शिवाय नव्या जिल्ह्यास इमारती, अधिकारी, कारकून हें सर्व लागतें. एकत्र कुटुंब विभक्त होतें, तेव्हां भांडीं वांटून भागत नाहीं. दुसरी चूल पेटती ठेवण्याची ऐपतही लागते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून नव्या जिल्ह्याची मागणी कानीं आली, कीं नांव कोणतें व मुख्य ठिकाण कोठें, या वादांत शिरण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: शेवटच्या गांवचा मनुष्य सकाळीं निघून, काम उरकून, दिवेलागणीस घरीं परतूं शकेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच ती वांटणी सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.