वाघ्याचा डोळा आणि सीताफळाच्या बिया

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी कुत्रा आहे? वर्गात हा प्रश्न विचारला की एकच गलका होतो. "बाई, आमचा मोती!" "बाई, आमची चंपी!" पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी चौथीतल्या एका मुलाने हात वर केलाच नाही. त्याच्याकडे वाघ्या आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावलं. "काय रे, वाघ्याला काय झालं?"

त्याचे डोळे भरून आले. "बाई, वाघ्या डोळाच उघडत नाही. माझ्यामुळे झालंय ते."

झालं होतं असं. वाघ्याच्या अंगावर गोचिडी झाल्या होत्या. आजीने सीताफळाच्या बिया वाळवून, कुटून ठेवल्या होत्या. पूर्वी डोक्यातल्या उवांना हीच पूड लावायचे. नातवाने ती तेलात कालवली आणि वाघ्याच्या कानामागे, मानेला चोळली. वाघ्याने जोरात अंग झाडलं आणि पूड डोळ्यात गेली. डोळा लालभडक झाला. पंजाने तो सारखा डोळा चोळत राहिला. रात्र तशीच गेली.

शाळा सुटल्यावर मी, तो मुलगा आणि त्याची आजी वाघ्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळा धुतला आणि त्यात रंगाचा एक थेंब टाकला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल तर तिथे हा रंग धरतो आणि हिरवा दिसतो. वाघ्याच्या डोळ्यात हिरवा ठिपका स्पष्ट दिसला.

आजी कळवळून म्हणाली, "डॉक्टर, झाडाचीच तर बी होती हो! रसायन थोडंच होतं?"

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, झाडाची आहे म्हणूनच सांभाळायचं. झाडाला पळता येत नाही. किडे-जनावरांनी खाऊ नये म्हणून ते बियांत, पानांत, चिकात जहाल पदार्थ साठवतं. त्याच पदार्थांनी उवा मरतात आणि त्यांनीच डोळ्याला इजा होते." मग त्यांनी एक छोटी बाटली दाखवली. "हे ॲट्रोपीन. याने डोळ्यातली कळ थांबेल. हाच पदार्थ धोतऱ्यात असतो. धोतऱ्याचं फळ खाल्लं तर विष! पण या बाटलीत तो मोजून घातलाय, म्हणून औषध."

मुलांनो, वनस्पतीत औषध असतं, पण कशासाठी, कोणाला आणि किती, हे ठाऊक असेल तरच! ते ठाऊक नसेल तर तीच वनस्पती घात करते.

कुत्रा चाटतो, हे विसरू नका

आपल्याला मलम लावलं तर ते कातडीवरच राहतं. कुत्रा मात्र अंग चाटतो. म्हणजे अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. गोचिडी-पिसवांसाठी काही जण तंबाखूचं पाणी लावतात. तंबाखूतलं निकोटीन हे विष आहे. त्याने उलट्या, थरथर आणि झटके येऊ शकतात. कापराचं तेलही तसंच धोक्याचं. कडुनिंबाचं तेल किडे पळवतं हे खरं, पण ते पोटात जाणं बरं नाही. बाटलीवर 'नैसर्गिक' असं लिहिलेलं टी ट्री ऑइलही कुत्र्याला बाधतं.

कोरफडीचंच बघा. आतला पांढरट गर निराळा आणि पान कापल्यावर सालीलगत गळणारा पिवळा चीक निराळा. तो चीक कुत्र्याने चाटला तर जुलाब होतात.

कुत्रा म्हणजे छोटा माणूस नव्हे

आपल्या भाजीत कांदा-लसूण रोज असतो. पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने कुत्र्याच्या रक्तावर परिणाम दिसतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅम, फार तर दोन मध्यम कांदे! शिजवला तरी तो बाधतोच. थोडा थोडा रोज दिला तरी अपाय होतो. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. म्हणून "जंतांवर लसूण चारा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. द्राक्षं आणि मनुका यांनी तर कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मग काय करायचं?

१. कोणताही झाडपाला देण्याआधी पशुवैद्यांना विचारा. आधी काही दिलं असेल तर न लपवता सांगा.

२. कुत्र्याचं वजन माहीत करून घ्या. त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा!

३. डोळे, कान आणि उघडी जखम यांत घरचं काहीही घालू नका.

४. गोचीड मोठ्या माणसांकडून काढून घ्या. चिमट्याने ती कातडीलगत धरून सरळ ओढायची. बोटांनी चिरडायची नाही.

५. डोळ्यात काही गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. विषारी काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. त्यानेही विषबाधा होते. जे खाल्लं त्याचं पान किंवा पाकीट घेऊन दवाखाना गाठा.

एका बाबतीत झाडपाला नकोच

ती बाब म्हणजे रेबीज. त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं. त्यावर लस हाच उपाय. आपल्या कुत्र्याला ती डॉक्टर सांगतील तेव्हा टोचून घ्या. तुम्हाला कुत्रा चावला किंवा त्याचं नख लागलं तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. जखमेवर हळद, चुना, तिखट असलं काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

वाघ्याला पंधरवडाभर गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालून ठेवली होती. सगळं घर वेळेवर थेंब घालत होतं. आता त्याचा डोळा छान उघडतो. त्या मुलाने वाघ्यासाठी एक वही केली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय : वजन १४ किलो. खाली लशीची तारीख. बियांच्या डब्यावर त्याने मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय, 'वाघ्याला लावू नये'. आजीनेच त्याला सांगून तो लिहून घेतला.

तुमच्या मोतीची, चंपीची अशी वही आहे का? नसेल तर आजच करा. आणि पहिली वजाबाकी बरोबर आली का, ते आईबाबांकडून तपासून घ्या बरं!